डावा पाय

डार्विनचा जून, कोरडा महिना.
पत्र्याच्या हॉलबाहेर आंब्यांखाली गाड्या लागल्यात
आणि साकेल्लारिस दारात उभा राहून
येईल त्याला विचारतोय, "कुणाची गं तू?"
नाव नकोय त्याला. नाव काय, कुणीही ठेवतं.
बंदरामागची कुठली गल्ली,
आजा कुठल्या बोटीवर होता,
आणि घराण्याला लोक काय म्हणून चिडवायचे,
ते सांग.
"बोक्याची," मी म्हणते.
तो हसतो, बाजूला होतो.
बोक्याच्या माणसांनी कधी तिकीट काढलंय?

आत कालिम्नोस भिंतीवर टांगलंय.
उघडा डोंगर, त्याखाली डब्यांसारखी घरं.
चक्रीवादळात हॉलचं छप्पर गेलं तेव्हा
हा फोटो चिखलात पालथा सापडला होता.
कडा फुगल्यात, आभाळ ओघळून बंदरात आलंय.
नवा आणू, असं दर वर्षी ठरतं.

आजोबांना इथे बोलावलं ते शिंपले काढायला.
पाण्यात उतरले तर सगळं गढूळ,
हात लांब केला तर बोटं दिसेनात.
वर येऊन म्हणाले, हा समुद्र नव्हे, डाळ आहे.
मग विटा उचलल्या त्यांनी. निम्मं गाव
आमच्या माणसांनी बांधलंय, आणि उरलेल्या निम्म्यात
काय चुकलंय ते ती तुम्हाला सांगतील.

जवाचा कडक पाव टोमॅटोत मऊ होतोय.
द्राक्षाच्या पानांत वळलेला भात.
पानं नोमिकीच्या कुंपणावरची; हा उकाडा वेलीला सोसत नाही,
पण नोमिकीला नाही म्हणायची तिची छाती नाही.
सोडतीचं पहिलं बक्षीस एक स्पंज,
डोक्याएवढा, सोनेरी, भोकाभोकांचा.
बुडाशी चिकटवलेल्या चिठ्ठीवर दुसऱ्याच देशाचं नाव.
सगळ्यांनी वाचलंय.

मग बकऱ्याच्या कातड्याची पिशवी फुगते,
रांग लागते, हात खांद्यांवर,
आणि पुढे काठी घेऊन स्टामातिस.
वय एकोणीस. आठवडाभर फरशा बसवतो.
हा पाणबुड्याचा नाच: खोल गेलेल्या
आणि फार घाईने वर आलेल्या माणसाचा.
मागची रांग ठेका सोडत नाही.
पुढच्याचा पाय लटपटतो, तो काठीवर रेलतो,
आता पडणार, आता पडणार, सावरतो.
स्टामातिसचा उजवा पाय पोटरीपासून थरथरत वर गेला
आणि हॉलमधले सगळे फोन वर झाले.

मी थेमेलीनाशेजारी बसले होते,
खुर्ची तिथेच रिकामी होती म्हणून.
एक्क्याण्णव वर्षांची. जेवण तसंच.
ती माझ्याकडे न बघता म्हणाली,
"उजवा नाही."
मला वाटलं, मीठ मागतेय.
"डावा होता. आणि असा हलायचा नाही.
हलायचाच नाही.
मी हलवायचे. रोज सकाळी, तेल लावून,
खालून वर, खालून वर,
तो भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा."
माझं ग्रीक स्वयंपाकघरापुरतं.
पण तेल कळतं मला. आणि सकाळ.
"किती वर्षं?" मी विचारलं.
तिने काटा सरळ केला. मग सुरी.

नाच संपला. शिट्ट्या, नोटा, पाठीवर थापा.
स्टामातिस एकेका टेबलावरून म्हाताऱ्यांच्या पाया पडल्यासारखा
वाकत, घाम पुसत आमच्यापर्यंत आला.
तिने बोट केलं: खाली.
तो गुडघ्यावर बसला, डावा पाय पुढे.

"बरोबर झालं का?" त्याने विचारलं.
"अगदी असाच," ती म्हणाली,
"अगदी असाच नाचायचा तो लग्नाआधी."

हात मात्र त्याच्या पोटरीवर होता,
अंगठा घोट्यापासून निघून
हळूहळू वर चढत होता,
आणि कशासाठी ते न कळताही
पोरगं हललं नाही.

मागे माइकवर कुणीतरी ओरडत होतं:
"तेहतीस, तेहतीस नंबर कुणाचा?
अहो, स्पंज घेऊन जा."